एक रंग राखणारा फोटो

लग्नाच्या अल्बममध्ये तो पहिल्या पानावर कधी नसतो. पहिली पानं पत्रिकेची, देवकाची, हळदीची, चुड्याची. तिथे सगळे रंग एकदम बोलत असतात. मग अंतरपाट दूर होतो, माळा पडतात, आणि त्यानंतर कुठेतरी एक पान उलटलं की हा गलका थांबतो. मांडव राखाडी, पाहुणे राखाडी, भटजी राखाडी, मागची झेंडूची तोरणंसुद्धा राखाडी. मध्ये नवरीचा शालू तेवढा लाल. अल्बम चाळणारी मावशी इथे थांबते, चष्मा सावरते आणि शेजारणीला म्हणते, "हा बघ कसा उठून आलाय."

हाच तो. स्टुडिओतली मुलं त्याला ‘सिलेक्टिव्ह कलर’ म्हणतात, कुणी ‘कलर स्प्लॅश’. गिऱ्हाईक त्याला नावाने मागत नाही. "सगळं ब्लॅक अँड व्हाइट आणि साडी तेवढी कलर, तसा एक करा," एवढं सांगितलं की काम समजतं. फोटो संगणकावर आले, करिझ्मा अल्बम निघाले, आणि त्यांच्याबरोबर तो तालुक्याच्या गावातल्या लग्नांपर्यंत पोचला.

फोटोग्राफरांच्या जगात त्याला मान नाही. स्पर्धेत त्याच्यावर कुणाची नजर ठरत नाही, गंभीरपणे पोर्ट्रेट करणारे त्याचं नाव काढलं की मान हलवतात. स्वस्तातली चमक, असा त्याच्यावर शिक्का आहे. मला हा निवाडा अर्धाच पटतो. तो वाईट संगतीत वाढला हे खरं, पण त्याचं कूळ हलकं नाही. आणि त्याच्या अंगी एक गुण असा आहे की जो सबंध रंगीत फोटोकडे नाही आणि सबंध कृष्णधवल फोटोकडेही नाही. एकाच चौकटीत तो दोन काळ शेजारी शेजारी उभे करू शकतो.

त्याचं कूळ शोधायचं तर संगणकाच्या फार मागे जावं लागतं. १८३९मध्ये पॅरिसला दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर माणसाचा चेहरा उमटू लागला, भुवईच्या केसापर्यंत अचूक, पण रंगाशिवाय. थोड्याच वर्षांत युरोपातल्या कारागिरांनी गोंद आणि रंगाची बारीक पूड घेऊन त्या पत्र्यावर कुंचला चालवायला सुरुवात केली. पत्र्याचा पृष्ठभाग अतिशय नाजूक, बोट लागलं तरी ओरखडा उठायचा. म्हणून रंग द्यायचा तो मोजक्या जागी. गालाला किंचित लाली, ओठांना थोडी, अंगठीला आणि घड्याळाच्या साखळीला सोनेरी. बाकी कोट, खुर्ची, केस आपल्या रुपेरी करड्या रंगात. म्हणजे एक रंग राखणारा फोटो जवळजवळ फोटोइतकाच म्हातारा आहे. तेव्हा रंग वर चढवत, आता तो काढून घेतात, एवढाच फरक.

आपल्याकडे कॅमेरा यायला फार उशीर लागला नाही. १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या काळातल्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. पुढे राजस्थानातल्या दरबारांत लघुचित्रं काढणाऱ्या चिताऱ्यांच्या हाती फोटो पडले, तेव्हा त्यांनी ते आपल्या पद्धतीने रंगवले. अंगरखा, गालिचा, पडदा, मोत्यांचे सर यांवर रंगाचा असा जाड थर बसायचा की खालचा फोटो पार झाकला जाई. चेहऱ्याला मात्र ते जपून हात लावत. राजाची ओळख पटायची ती चेहऱ्यावरूनच, आणि चेहरा कॅमेऱ्याने अचूक धरलेला होता.

गावातल्या स्टुडिओंत हेच काम लहान प्रमाणात होई. कॅमलच्या पारदर्शक फोटो कलरच्या बाटल्या, काडीला गुंडाळलेला कापूस, दोन-तीन बारीक ब्रश एवढीच हत्यारं. प्रिंट मॅट कागदावर घ्यायचा, कारण चकचकीत कागद रंग नीट धरत नाही. शक्य तर आधी सेपिया करून घ्यायचा. निव्वळ काळ्या-करड्यावर पारदर्शक रंग मळकट दिसतो, तपकिरीवर कातडी जिवंत वाटते. गालाला रंग, साडीला रंग, काठाला पिवळा. आणि एक ठिपका, कुंकवाचा.

या ठिपक्यापाशी थांबायला हवं. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल कुंकू काळं दिसतं. फोटो घेण्याच्या सुरुवातीच्या काचा निळ्या प्रकाशाला जागत आणि लाल प्रकाशाला जवळपास आंधळ्या असत. लाल वस्तूकडून येणारा प्रकाश त्यांच्या लेखी अंधारच होता. हेर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाने १८७३मध्ये दाखवलं की काचेवरच्या द्रावणात योग्य रंगद्रव्य मिसळलं तर काच हिरव्या प्रकाशालाही जागी होते. लाल दिसू लागलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, सगळ्या रंगांना जागणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा आणि फिल्म आल्यावर. तरीही गव्हाळ कपाळावरचं गडद कुंकू काळपटच उमटत राहिलं.

आता त्या घराचा विचार करा. सून नवी आली आहे, जोडप्याचा फोटो काढला आहे, तो माजघरात टांगायचा आहे. आणि तिच्या कपाळावर काळा ठिपका आहे. सौभाग्याची खूण काळी दिसलेली कुणाला बघवेल? सबंध फोटो रंगवून घ्यायला पैसे लागत, ठिपक्याला फारसे लागत नसत. जुन्या घरांच्या भिंतींवर असे फोटो पाहायला मिळतात: चेहरा, लुगडं, नथ, मागचा रंगवलेला पडदा सगळं करडं आणि कुंकू तेवढं लाल. रंग कालांतराने किंचित पसरलेला असतो, कधी कुंकवाच्या आकारापेक्षा ठिपका मोठा झालेला असतो. पण त्यात नुसती हौस नव्हती. कॅमेऱ्याने जे चुकीचं उमटवलं होतं, ते माणसाच्या हाताने दुरुस्त केलं होतं. या फोटोला त्याची खरी पदवी मिळते ती इथे. त्याने जो एक रंग राखला, तो त्या बाईचा होता, आणि तो राखला नसता तर फोटो तिच्याविषयी खोटं बोलला असता.

आजच्या करिझ्मा अल्बममधल्या लाल शालूला ही कसोटी लावून पाहावी. तो शालू लाल ठेवला, कारण संगणकात लाल वेगळा काढणं सोपं होतं? की त्या लालमध्ये त्या मुलीचं काही होतं? आजीच्या पेटीतून आलेला शालू असेल, आईने आपल्या लग्नातला जपून ठेवलेला असेल, तर तो जरूर राखावा. भाड्याने आणलेल्या लेहंग्याला तो मान देऊन नवरीचा स्वतःचा चेहरा करडा केला, तर फोटो कापडाचा झाला. माझ्या मते बहुतेक ठिकाणी तो असाच बिघडतो. त्याच्यावरचा स्वस्तपणाचा शिक्का आला तोही यातूनच.

आता त्याच्या अंगात काय चालतं ते पाहू, कारण त्याचा स्वभाव तिथेच कळतो.

रंगीत फोटोतला प्रत्येक बिंदू तीन आकड्यांचा असतो: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५. करडा करताना तिघांची सरळ सरासरी काढत नाहीत, कारण डोळ्याला तिन्ही सारखे उजळ वाटत नाहीत. टीव्हीच्या काळापासून चालत आलेला हिशेब असा की हिरव्याचे साधारण ५९ टक्के, लालचे ३० आणि निळ्याचे ११. या हिशेबाने निव्वळ लाल २५५ करडा झाला की ७६ येतो. १३०चा मध्यम हिरवा करडा केला तरी ७६च येतो. दोन रंग, जे उघड्या डोळ्याला एकमेकांचे वैरी, ते करड्यात जुळे होऊन बसतात. हिरव्या शालूचा लाल काठ अशाने नाहीसा होऊ शकतो. निव्वळ पिवळा उलट २२६पर्यंत चढतो, पांढऱ्याच्या अगदी जवळ. म्हणून हळदीच्या फोटोतला रंग काढला की हळद जाते आणि फिकट झालेले गाल उरतात. हळदीचे फोटो करडे करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाईत असलेला माणूस ‘डिसॅच्युरेट’चं बटण दाबतो. त्या बटणाचा हिशेब आणखी ढोबळ आहे. निव्वळ लाल, निव्वळ हिरवा आणि निव्वळ निळा, तिन्ही तिथे एकाच करड्यात जातात. जाणता कारागीर ते बटण टाळतो आणि प्रत्येक रंगाची पट्टी वेगळी सरकवतो. लाल काठ गडद, हिरवं अंग उजळ, निळा पडदा खोल. करडा असा रंगारंगाने रचावा लागतो, आणि रचलेला करडा बघणाऱ्याला जाणवतो, जरी त्याला कारण सांगता आलं नाही तरी.

याच पट्ट्यांमध्ये एक धोका आहे, आणि त्याविषयी मी गप्प बसू शकत नाही. आपल्याकडची कातडी, गोरी असो, गव्हाळ असो की सावळी, रंगांच्या हिशेबात नारिंगीच्या पट्टीत मोडते. ती पट्टी थोडी वर सरकवली की चेहरा उजळतो, पुटकुळ्या मावळतात, डोळ्यांखालची काळी वर्तुळं विरतात. इथवर ठीक. आणखी सरकवली की सावळी मुलगी गोरी होते. रंगीत फोटोत एवढा बदल केला तर तो कुणाच्याही नजरेत भरेल. करड्यात भरत नाही, कारण ताडून पाहायला रंगच उरलेला नसतो. लाल शालू तसाच झळकत असतो, बघणारा त्या लालवर विश्वास ठेवतो, आणि त्या विश्वासाच्या आडून चेहऱ्याचा वर्ण बदललेला असतो. मुलीने मागितलेलं नसतं, तिला विचारलेलंही नसतं. हे काम करणाऱ्यांनी ते थांबवावं. सावळ्या चेहऱ्यावर करड्याच्या जितक्या छटा उमटतात तितक्या उजळवलेल्या चेहऱ्यावर उरतच नाहीत. माणुसकीच्या अंगाने ते वाईट आणि कारागिरीच्या अंगानेही वाईट.

रंग राखण्याचं कामही वाटतं तितकं सोपं नाही. फोटोशॉपमध्ये रंगीत फोटोवर करड्याचा एक थर चढवतात आणि त्या थराला मास्क लावतात. मास्कवर पांढरा ब्रश फिरवला तिथे करडा दिसतो, काळा फिरवला तिथून खालचा रंग वर येतो. थरांची सोय फोटोशॉपमध्ये १९९४च्या सुमारास आली. त्याआधी असं काम करणं म्हणजे मूळ फोटोवरच खोडरबर चालवण्यासारखं होतं, मागे फिरता येत नसे.

ब्रशने काम करायला वेळ लागतो, म्हणून अनेक जण रंगावरून निवड करतात: लाल तेवढा ठेव, बाकी काढ. संगणक ते इमानाने करतो. पण कुंकवाचा लाल आणि ओठांचा लाल त्याच्यासाठी एकच. डोळ्यांच्या कोपऱ्यातली गुलाबी झाक, पाठीमागून ऊन आलं असेल तर कानाच्या पाळीतला लालसरपणा, हेही तो राखून ठेवतो. करड्या चेहऱ्यावर दोन लाल कान, हे दृश्य मी छापील अल्बममध्ये पाहिलं आहे. मेंदी तर फारच अवघड. रंगलेली मेंदी आणि हाताची कातडी एकाच घराण्यातल्या. रंगावरून त्यांना वेगळं करायला गेलं की नक्षी तुटते. तिथे हातानेच, बोटाबोटाने ब्रश फिरवावा लागतो. केसांच्या कडा, मुंडावळ्यांचे मोती, पदराची जाळी या जागी घाई केली की रंगाची एक किनार मागे राहते आणि सगळा फोटो कात्रीने कापल्यासारखा दिसतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. रंग जागच्या जागी राहत नाही. लाल शालूवर ऊन पडलं की त्याची झाक नवरीच्या हनुवटीखाली आणि गळ्यावर येते. शालू करडा करून चेहरा रंगीत ठेवला, तर गळ्यावरची ती झाक अनाथ होते. ती कुठून आली हे फोटोत दिसत नाही, आणि मुलीला पुरळ उठल्यासारखं वाटतं.

उलट केलं, शालू लाल आणि चेहरा करडा, तर दुसरी अडचण येते. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात कापडाच्या रंगाईचा प्रमुख होता. विणकर तक्रार करत की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. शेव्रलने तपासलं तर धाग्यात दोष नव्हता. शेजारचा रंग डोळ्याला फसवत होता. त्याचं या विषयावरचं पुस्तक १८३९मध्ये निघालं, दागेरची पद्धत जाहीर झाली त्याच वर्षी. रंग आपल्या शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची सावली टाकतो, हा त्याचा सिद्धान्त. लालच्या शेजारी ठेवलेला निव्वळ करडा डोळ्याला किंचित हिरवट वाटतो. म्हणजे लालभडक शालूवरचा करडा चेहरा आजारी दिसतो, जरी त्यात हिरवा एक कणही नसला तरी. उपाय साधा आहे: चेहऱ्याच्या करड्याला थोडी ऊब द्यावी, तपकिरीकडे झुकवावा. गावातला रंगारी प्रिंट आधी सेपिया करून घ्यायचा, तेव्हा तो हाच उपाय करत होता.

सिनेमात या फोटोचे थोरले भाऊ आहेत. आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये, १९२५ साली, जहाजावर चढणारा झेंडा फ्रेममागून फ्रेम हाताने लाल रंगवला होता. कुरोसावाच्या १९६३च्या ‘हाय अँड लो’ या कृष्णधवल चित्रपटात धुराड्यातून एकदाच गुलाबी धूर निघतो. स्पीलबर्गच्या ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये, १९९३ साली, क्रॅकोच्या ज्यू वस्तीतून माणसं हाकलली जात असताना एक लहान मुलगी लाल कोट घालून गर्दीतून चालत जाते. शिंडलर घोड्यावरून टेकडीवरून पाहत असतो. हजारो माणसांत त्याला एक दिसते. पुढे प्रेतांच्या गाडीवर तो कोट पुन्हा दिसतो. तीन तासांच्या चित्रपटात रंगाची ही जागा इतकी मोजकी आहे, म्हणून ती विसरता येत नाही. ज्याने आपल्या अल्बममधली दहा पानं या पद्धतीने करून घेतली, त्याला दहावं पान आठवणार नाही, पहिलंही नाही.

त्याच्याविरुद्धचा सगळ्यात सबळ आक्षेप मात्र सिनेमातला नाही. रघुबीर सिंग यांनी आयुष्यभर रंगीत फिल्मवर भारत टिपला. त्यांचं म्हणणं होतं की रंग हा इथल्या जगण्याच्या आतच आहे, आणि कृष्णधवल फोटोतली उदासी पश्चिमेकडून आलेली आहे. मी हे म्हणणं मनापासून मानतो. मराठी लग्नातून रंग काढून घेणं ही लहान गोष्ट नाही. हिरवा चुडा, पिवळी हळद, लाल कुंकू, काळी पोत यांतला प्रत्येक रंग काहीतरी सांगण्यासाठीच तिथे आलेला असतो. तो काढायचा असेल तर काढण्याला कारण हवं.

असं कारण मी एका ठिकाणी पाहिलं आहे, आणि या फोटोची सगळी लायकी मला तिथे दिसते.

मुलीचं लग्न लागलेलं असतं, आणि वडील लग्नाआधीच गेलेले असतात. अल्बमची निवड करायला आई स्टुडिओत येते. पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक फोटो असतो, ऑफिसच्या ओळखपत्राचा किंवा एखाद्या जुन्या ग्रूप फोटोतून कापलेला, बहुधा कृष्णधवल. "दादा, यांना आमच्या शेजारी उभं करता येईल का?" असं ती विचारते. गावोगावचे स्टुडिओ हे काम करतात. चेहरा स्कॅन करतात, दुसऱ्या कुणाच्या सुटातल्या खांद्यांवर बसवतात, मानेची रेघ लपवतात. ओळखपत्राच्या फोटोत उजेड समोरून पडलेला असतो आणि मांडवात तो बाजूच्या हॅलोजनचा असतो, म्हणून एका गालावर सावली रंगवतात.

मग प्रश्न येतो रंगाचा. आजचा संगणक क्षणात त्यांना रंगीत करून देतो. पण तो ते कशावरून करतो? आधी पाहिलेल्या असंख्य फोटोंवरून अंदाज बांधून. करड्या आकड्यात मूळ रंगाची नोंद उरलेली नसते. ७६ हा आकडा लालचाही असतो आणि हिरव्याचाही. त्यांचा शर्ट कोणत्या रंगाचा होता, डोळ्यांत घाऱ्याची झाक होती का, कातडी किती सावळी होती, हे संगणकाला कळायला मार्गच नाही. तो एक सर्वसाधारण माणूस रंगवतो, गालाला सर्वसाधारण गुलाबी देतो, आणि तो माणूस त्या मुलीचा बाप राहत नाही.

त्यांना करडंच राहू द्यावं. मुलगी रंगात, जावई रंगात, आई तिच्या जांभळ्या पैठणीत, आणि तिच्या शेजारी वडील आपल्या काळातल्या करड्यात. फोटो असा केला की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. बघणाऱ्याला कळतं की हा माणूस इथे नव्हता, आणि घराने त्याला इथे आणून उभं केलं. दोन काळ एका चौकटीत येतात ते असे. यात फसवणूक नाही. करडाच ती होऊ देत नाही. कारागिराने फक्त एवढं पाहावं की त्या करड्याला थोडी ऊब असेल आणि जुन्या फोटोचा बारीक रवाळपणा घासून काढलेला नसेल.

काही घरांना ते तसं नको असतं. करडा चेहरा पाहून आईला हार घातलेला फोटो आठवतो आणि तिला तो या दिवशी नको असतो. तो तिचा हक्क आहे. मग कारागिराने संगणकाला विचारण्याऐवजी तिला विचारावं. "शर्ट फिकट निळा होता, चौकडीचा," असं ती सांगते. "रंगाने माझ्यापेक्षा सावळे होते." तेव्हा त्या रंगाला साक्षीदार मिळतो, आणि असा रंग चढवायला माझी हरकत नाही.

या कामाच्या शेजारी नेहमीच्या अल्बममधली एक सवय ठेवून पाहा, म्हणजे ती किती बेफिकीर आहे ते कळेल. नवरी रंगीत आणि तिच्या मागे उभी असलेली आजी करडी. नवरी रंगीत आणि नवरा करडा. ज्या घरात करडा फोटो म्हणजे बहुधा गेलेल्या माणसाचा फोटो, त्या घरात हयात आजीला करडं करायचं? म्हातारी माणसं हे पाहतात. बोलत नाहीत, पान उलटतात. डिझाइन करणाऱ्या मुलाच्या मनात काही नसतं, त्याला नवरीकडे नजर न्यायची असते. त्यासाठी मागची माणसं थोडी गडद करता येतात, धूसर करता येतात, त्यांचे रंग अर्ध्यावर आणता येतात. रंग पूर्ण काढून घेण्याची गरज नसते.

मोबाइलने तर हा निर्णय माणसाच्या हातातून काढून घेतला आहे. २०१८मध्ये गूगल फोटोजने ‘कलर पॉप’ची घोषणा केली: माणूस ओळखायचा, त्याला रंगीत ठेवायचं, मागचं सगळं करडं करायचं. सॅमसंगच्या फोनमध्येही पुढच्या वर्षी तशी सोय आली. पोर्ट्रेटपुरतं बोलायचं तर हा नियम वाईट नाही. निदान तो माणसाला राखतो, कापडाला नाही. लाल भिंतीवरची जाहिरात, निळी ताडपत्री, शेजाऱ्याची पिवळी गाडी यांच्या गर्दीत बसलेल्या बाळाचा चेहरा त्याने खरोखर मोकळा होतो. पण बाळाला मांडीवर घेतलेले हात कुणाचे आहेत हे यंत्राला माहीत नसतं. कधी ते हात रंगात येतात, कधी कोपरापासून करडे होतात. तेवढं बघायला माणूस हवा.

म्हणून ज्यांच्या घरात लग्न आहे त्यांना माझं सांगणं आहे. हा फोटो जरूर करून घ्या, पण एकच. त्यात कुठला रंग राखायचा हे तुम्ही ठरवा, डिझाइनरवर सोडू नका. आईच्या बांगड्या, मामाने दिलेली पिवळी साडी, आजीच्या कपाळावरचं कुंकू, जे तुमच्या घरात बोलतं ते राखा. चेहऱ्याचा वर्ण बदलू नका म्हणून बजावून सांगा. ज्याला करडं करायचं त्याला आधी विचारा. आणि अल्बमबरोबर त्या फोटोची मूळ, सबंध रंगीत फाइल मागून घ्या, पेनड्राइव्हवर आणि आणखी एका जागी ठेवा. रंगीत फोटो केव्हाही करडा करता येतो. करडा करून छापलेल्या फोटोतून तुमच्या आजीच्या लुगड्याचा खरा रंग मात्र कुठल्याही संगणकाला परत आणता येत नाही.